गाण्याला गाणं

चंद्रपूरच्या एका गायन मास्तरनं आम्हा अकरा बायकांना फसवलं, आणि आमच्यासोबत साता समुद्रापलीकडच्या एका बाईलाही फसवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बरंच गोड बोलणार आहे. वाचणाऱ्याला वाटेल, ही बाई विसरली. मी विसरलेली नाही.

तेव्हा गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. आरमोरीच्या अलीकडे आमचं गाव. मी रोवणीच्या, म्हणजे धानाची रोपं लावणाऱ्या टोळीची मुख्य होते. शेतमालकाशी बोलणी मीच करायची. किती बांध्या म्हणजे खाचरं, किती दिवस, दुपारची भाकर कोणाची, सगळं आधी ठरवून घ्यायचं आणि मगच चिखलात पाय टाकायचा. ज्यानं ठरल्यातलं एक बोट मागे घेतलं, त्याच्या बांधावर मी पुढल्या वर्षी थुंकायलाही जात नसे. लोक म्हणत, या बाईच्या जिभेला धार आहे. मी म्हणे, बोथट विळ्यानं धान कापलं जातं का? चौदाव्या वर्षी मी दुसऱ्याच्या टोळीत रोवायला लागले आणि बाविसाव्या वर्षी माझी टोळी उभी केली. जिभेखेरीज माझ्याजवळ भांडवल काय होतं?

आमच्या टोळीला मागणी होती ती गाण्यामुळे. रोवताना गाणाऱ्या बायका ओळ सोडत नाहीत, हात एका तालात पडतात, कंबर दुखते ते उशिरा कळतं. गाणं सुरू करायची ती मोठीमाय. ती गोंडांच्या टोल्यावरची, म्हणजे वस्तीवरची, माझ्या आईच्या वयाची, आवाज असा की दोन शेतं पलीकडचा बैल मान वर करी. ती ओळ टाकायची आणि आम्ही दहाजणी ती झेलायचो. यात कला असते वगैरे आम्हाला ठाऊक नव्हतं. आमच्या लेखी गाणं म्हणजे रोपांची पेंढी असते तशीच एक कामाची वस्तू.

त्या वर्षी रोवणी ऐन भरात असताना रस्त्यावर एक जीप थांबली. खाणीच्या कामाला पोलंड देशातून काही इंजिनिअर चंद्रपूरला आले होते. त्यांतल्या एकाची बायको जीपमधून उतरली. आम्ही सगळे तिला रशियन बाई म्हणत होतो. पुढे तिनं चारदा सांगितलं की मी रशियन नाही, तेव्हा आम्ही तिला नुसतं गोरी बाई म्हणायला लागलो. ती बांधावर बसली आणि अर्धा तास उठलीच नाही. मग तिनं चपला काढल्या आणि सरळ बांधीत उतरली.

जीपचा ड्रायव्हर चंद्रपूरचा होता. तो बांधावरून ओरडायला लागला, "ओ मॅडम, जळवा हाय! वापस या! साहेब मले खाऊन टाकन!"

तिनं ऐकलं नाही. मोठीमायच्या हातून तिनं मूठभर रोपं घेतली आणि रोवायला लागली, आणि रोवता रोवता पुढे चालायला लागली.

"ओ बाई!" मी ओरडले. "आपलंच रोप तुडवून राह्यली ना वं तू!"

रोवणी मागे सरकत करायची असते. समोर रोवलेलं हिरवं दिसत राहतं आणि आपण न बघता मागे जातो, धुऱ्याला, म्हणजे मागच्या बांधाला, टाच लागेपर्यंत. हे आमच्याकडच्या पोरींना चालता येण्याआधी कळतं. गोऱ्या बाईनं मागे वळून आपली चेंदामेंदा झालेली रोपं पाहिली आणि ती इतकी हसली की चिखलातच बसली. मोठीमाय म्हणाली, "बसली बाप्पा म्हैस." त्या दिवसापासून ती आमची झाली.

पुढच्या रविवारी ती टेप घेऊन आली. मोडक्या हिंदीत आणि ड्रायव्हरच्या मदतीनं तिनं सांगितलं की तुमचं गाणं मला यात भरून न्यायचं आहे.

मी आडवी आले. "डब्यात भरून नेशीन तू. मंग आमाले काय?"

ड्रायव्हर मला म्हणाला, "वं बाई, फॉरेनची पाहुणी हाय. असं बोलतेत का?"

"तू काऊन मधात? तुह्या जीपचं गाणं नाई मागून राह्यली ती."

गोऱ्या बाईनं विचारलं, काय पाहिजे? मी विचार केला. तिच्या अंगावरचं काहीही मागता आलं असतं, पण समोर टेप होता आणि ती माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी शेतमालक आहे आणि ती टोळीची मुख्य. मी म्हटलं, "गाण्याले गाणं. तुमच्याकडं बाया शेतात गाते का नाई? मंग दे तुझं एक, घे आमचं एक."

ड्रायव्हरनं ते तिला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उजळला. पण तीही काही कमी नव्हती. तिनं एक बोट वर करून तिची अट घातली. त्यांच्या गावी गाणं दुसऱ्याकडून घेतलं की म्हणण्याआधी सांगतात, हे अमक्या गावच्या अमकीचं. तुम्ही माझं म्हणाल तेव्हा माझ्या आजीच्या गावच्या बायकांचं नाव घ्यायचं, मी तुमचं म्हणेन तेव्हा तुमच्या गावचं घेईन. आयुष्यात मी एवढे सौदे केले, पण इतकी सरळ अट कोणी घातलेली आठवत नाही. मी हातावर हात मारला. शब्द माझा होता, टोळीचा नाही. माझा.

मग ती गायली. पहिल्यांदा वाटलं, नदीच्या पल्याडून कोणी हाक मारत आहे. गळा पूर्ण उघडा, आवाज सरळ, कुठं वळण नाही, कुठं गोडवा घालायची धडपड नाही. आमच्या पोरी तोंडाला पदर लावून हसल्या. मोठीमाय मात्र हसली नाही. ती म्हणाली, "हे आमच्यासारखंच हाय. हे हाक मारून राह्यली."

ते गाणं त्यांच्या कापणीचं होतं. शेवटची चार ताटं उरतात, त्यांत लावा पक्षी लपलेला असतो, आणि बायका त्याला विचारतात की आता तू जाशील कुठं? एवढंच. लावा आमच्याकडेही असतो, त्यामुळे समजायला काही अवघड नव्हतं. पण आम्ही रोवणीच्या बायका, कापणीचं गाणं घेऊन काय करणार? मोठीमायनं पंधरा दिवसांत ते फिरवलं. तिनं शब्द लावले,

लाव्या, लाव्या, कुठी जाशीन,
कोपरा रायला हातभर,
हातभर कोपरा आमी रोवतो,
तू बस आमच्या पदरावर.

मला भीती होती की गोरी बाई रागावेल. तिचं गाणं आम्ही पार आमचं करून टाकलं होतं. पण ती उड्या मारायला लागली. ड्रायव्हरच्या तोंडून तिनं जे सांगितलं ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. ती म्हणाली, शहरात आम्हाला मऊ गायला शिकवलं, लांब झगे घालून, हात जोडून. माझ्या आजीचा आवाज तिथं कोणाला नको होता, गावंढळ म्हणून हसत. आणि गावात आता यंत्र कापणी करतं, म्हणून तिथंही कोणी गात नाही. मला हे गाणं काचेच्या कपाटात ठेवायचं नाही. मला ते कोणाच्या तरी तोंडात ठेवायचं होतं.

त्यात नवं असं तिनं एकच केलं, पण ते मोठं होतं. आमच्याकडे सगळ्या एकाच सुरात झेलतात. तिनं आम्हाला दोन ओळींत उभं केलं. मोठीमायनं एक सूर सरळ धरून ठेवायचा आणि मी तिच्या अगदी लगतचा दुसरा लावायचा, इतका लगतचा की दोन्ही एकमेकांना घासले पाहिजेत. पहिल्यांदा जमला तेव्हा माझ्या कानात मुंग्या आल्या. मी थांबले, वाटलं चुकलं. ती ओरडली, "नहीं, नहीं! यही! यही!"

मी भांडखोर बाई. भांडताना मी कधी दुसऱ्याचं पूर्ण ऐकून घेतलं नाही. पण त्या गाण्यात शेजारचीचा सूर ऐकला नाही तर आपला उभाच राहत नाही. तो पावसाळा आणि त्याच्या पुढचा, या दोन पावसाळ्यांत मी टोळीतल्या पोरींवर किती कमी ओरडले ते त्याच सांगतील. आम्ही गात असताना शेजारच्या बांध्यांतल्या बाया काम थांबवून झेलायला लागायच्या. एकदा आरमोरीच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बायांनी ते उचललं आणि आठ-दहा पाट्यांपलीकडून लाव्याला हाक आली. आपल्या हातांचं मोल मी पोरवयापासून भांडून घेत आले होते. आपल्या गळ्यालाही मोल असतं हे मला त्या परक्या बाईनं, आमच्या बांधावर बसून, त्याबद्दल काही न मागता दाखवलं. हे ऋण मी मान्य करते. मी सहसा कोणाचं ऋण मान्य करत नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात ती मास्तरला घेऊन आली. चंद्रपूरच्या एका शाळेत तो गाणं शिकवत असे. तिला वाटलं, कागदावर उतरून ठेवणारं कोणी इथलं असावं, कारण तिच्या नवऱ्याचं काम संपत आलं होतं. मास्तर बोलायला मवाळ, कपडे पांढरेशुभ्र. पेटी घेऊन तो आमच्या अंगणात बसला आणि आमचा तो घासणारा सूर ऐकून त्यानं कानावर हात ठेवला.

"बाई, हे बेसूर आहे. तुम्ही दोघी एकच स्वर लावा."

मोठीमाय म्हणाली, "तुमची पेटी एकटी हाय भाऊ, म्हणून तिले नाई समजत."

गोरी बाई हसत सुटली. मास्तरही हसला. मला तो तेव्हा वाईट वाटला नाही, हे खरं सांगते. त्यानं चार रविवार येऊन गाणं लिहून घेतलं. जाण्याआधी गोऱ्या बाईनं आम्हा तिघांना एकत्र बसवलं, मला, मोठीमायला आणि मास्तरला, आणि ती अट पुन्हा सांगितली. म्हणण्याआधी नाव घ्यायचं. मास्तरनं मान डोलावली. "हे काय सांगायचं झालं, मॅडम," असं म्हणाला. मग ती गेली. जीपमधून ती मागे तोंड करून बसली होती. ड्रायव्हर म्हणाला, "पाहा, अजून रोवूनच राह्यली."

त्या हिवाळ्यात चंद्रपूरला लोककलेचा एक कार्यक्रम ठरला. मास्तरनं आम्हाला बोलावलं. आम्ही अकराजणी एसटीनं निघालो, एकसारखी हिरवी लुगडी मिळाली नाहीत म्हणून जिची जशी होती तशी नेसून. मंचावर चढण्याआधी मास्तर मला म्हणाला, "माईकवर तुम्ही बोलता की मी बोलू?"

इथं माझी चूक झाली. जी बाई पाटलाला भर बाजारात गप्प करायची, तिला त्या लोखंडी दांड्याची भीती वाटली. मी म्हटलं, "तुमीच बोला. नाव तेवढं घेजा."

तो बोलला. छापील मराठीत बराच वेळ. "माझी ही नवी स्वररचना" एवढं माझ्या कानावर आलं. मला वाटलं, पुढे आमचं येईल. पण पुढे पेटी सुरू झाली आणि मोठीमायनं ओळ टाकली.

आणि आम्ही झेलली, आणि झेलता झेलता आमचे पाय मागे सरकले.

आमच्याकडे कोणी हे गाणं उभ्यानं एका जागी म्हटलेलंच नव्हतं. अंगणात तालीम केली तेव्हाही आम्ही सरकत होतो, पण अंगण मोठं होतं आणि मास्तरची नजर पेटीवर. ओळ संपली की पाऊल मागे. लाव्या, लाव्या, पाऊल मागे. हातभर कोपरा, पाऊल मागे. नजर समोर, जणू तिथं हिरवं उभं आहे. मागे निळा पडदा होता, तो पाठीला लागला आणि वाटलं धुऱ्याला लागलो, पण धुरा घट्ट असतो, पडदा बाजूला झाला. अकराच्या अकरा पडद्यामागे गेलो आणि तिथंच, अंधारात, दोऱ्या आणि खुर्च्यांच्या ढिगात उभं राहून गाणं पूर्ण केलं. समोर पेटीवर मास्तर एकटा. टाळ्या वाजल्या त्या आम्ही पडद्याआडून ऐकल्या. टोळीतलीच माझी जाऊ हसून हसून खुर्चीवर पडली. "माय वं, आपण तर पार बांधीबाहेर निंगालो!" मीही हसले. तो आनंदाचाच क्षण होता, तो मी खोटा म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तरचा फोटो पेपरात छापून आला. पेटीसह, एकटा. खाली त्याचं नाव.

मी त्याच्या शाळेच्या फाटकावर गेले. तो बाहेर आला, नमस्कार केला, चहा विचारला. मी म्हटलं, "नाव काऊन नाई घेतलं?"

तो शांतपणे म्हणाला, "बाई, मी घेणारच होतो. वळून पाहिलं तर तुम्ही कुणीच नव्हता. पडद्यामागच्या माणसांचं नाव कुणी घेतं का?"

त्या घडीला मला चूक आमचीच वाटली. मी चहा न घेता परत फिरले. एसटी मूल गावाच्या पुढे गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला आणि मी सीटवर अशी उठून बसले की शेजारची बाई दचकली. पण तेव्हा तो पन्नास किलोमीटर मागे राहिला होता. पुढल्या महिन्यात ते गाणं रेडिओवर लागलं. त्याच्या शाळेच्या मुली, मऊ आवाजात, एकाच सुरात. शब्द मोठीमायचे. लावा बिचारा तोच. नाव मास्तरचं. मोठीमायनं पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, "पोरी गोड गाते. पण हे कोणालेच हाक नाई मारून राह्यल्या."

तिनं तेवढ्यावर सोडून दिलं. मला सोडता येत नव्हतं, आणि त्याचं कारण पुढल्या उन्हाळ्यात आलं. ड्रायव्हर एक पाकीट घेऊन आला. गोऱ्या बाईचं पत्र होतं, सोपं इंग्रजी, ड्रायव्हरनं आमच्या ओट्यावर बसून अडखळत वाचलं. सोबत एक फोटो. तिनं तिच्या गावी दहा-बारा बायका गोळा केल्या होत्या, काही म्हाताऱ्या, काही शहरातून आलेल्या. त्या आमचं रोवणीचं गाणं म्हणत होत्या, मी तिला अदलाबदलीत दिलेलं. तिनं लिहिलं होतं की गाण्याआधी आम्ही दर वेळी तुमच्या गावाचं नाव घेतो, लोक ते नीट म्हणू शकत नाहीत, पण घेतो. आणि गाताना आम्हीही मागे सरकतो, कारण गाणं तसंच शिकलो. सरकत सरकत भिंतीला पाठ लागते. मग ऐकणारे लोक खुर्च्यांवरून उठतात, आमच्याकडे चालत येतात आणि आमच्यासोबत म्हणायला लागतात.

ड्रायव्हर वाचायचा थांबला. मोठीमायनं फोटो हातात घेतला. मग तिनं विचारलं, "लोकं उठून येते?"

"असंच लिवलं हाय," ड्रायव्हर म्हणाला.

पत्राच्या शेवटी एकच ओळ होती. तुम्ही आमच्या गावाचं नाव घेता ना?

त्या पत्राला मी उत्तर दिलेलं नाही. ड्रायव्हर दोनदा विचारून गेला, लिहून देतो म्हणाला. काय लिहू? हो लिहिलं तर खोटं, नाही लिहिलं तर माझा शब्द खोटा. पुढे मी राईस मिल टाकली, माणसं हाताखाली आली, आता कोणी मला मिलवाली बाई म्हणतं, कोणी शेठानी. रोवणीला जात नाही. पण टोळी अजून ते गाणं म्हणते, आणि म्हणण्याआधी त्या दूरच्या गावाचं नाव घेते, वाकडंतिकडं का होईना. आधी ते गाव, मग मोठीमाय. हे मी त्यांना बजावून ठेवलेलं आहे. ती परकी बाई आमच्या चिखलात बसली होती, तिचं एवढं तरी फिटलं पाहिजे.

पण ते बांधीत. मास्तरनं ज्या लोकांसमोर घ्यायचं होतं, त्यांच्यासमोर अजून कोणी घेतलेलं नाही.

मास्तर, मूलच्या पुढे एसटीत मला जे सुचलं ते आता विचारते. तुम्ही म्हणालात, वळून पाहिलं तर आम्ही नव्हतो. पण नाव गाण्याच्या आधी घ्यायचं ठरलं होतं. तेव्हा एकही पाऊल मागे पडलं नव्हतं. अकराजणी तुमच्यापासून चार हातांवर, लोकांच्या डोळ्यांसमोर उभ्या होत्या. तुम्ही माईक धरला, आमच्याकडे पाहिलं, आणि म्हणालात, माझी.

तेव्हा का नाही घेतलं नाव? त्याच गावात, तशाच लोकांसमोर उभं राहून उत्तर द्या. माझं एक पत्र त्यासाठी अडून आहे.